आधी गिळता येतं का ते पाहा

सकाळी ८

कामावर आल्या आल्या मी रात्रीतून आलेले कॉल बघते. रुग्णालय मोठं आहे. न्यूरॉलॉजी, आयसीयू, कान-नाक-घसा, कर्करोग विभाग, सगळीकडून बोलावणं येतं आणि केसपेपरवर बहुधा एकच विचारणा असते: पेशंटला तोंडाने खायला-प्यायला सुरू करता येईल का?

मी स्पीच थेरपिस्ट आहे हे कळलं की नातेवाईक हमखास म्हणतात, “मॅडम, बाबा बोलतायत की व्यवस्थित. त्यांच्या खाण्याचं तेवढं बघा.” मी त्यासाठीच आलेली असते. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र यांच्याच जोरावर आपण बोलतो आणि त्यांच्याच जोरावर गिळतो. मुंबईच्या नायर रुग्णालयात या विषयाचं पदवी शिक्षण १९६६ साली सुरू झालं, तेव्हा भर ऐकण्या-बोलण्यावर होता. गिळण्याच्या उपचारांनी जगभरातच नंतर जोर धरला. अमेरिकेतल्या जेरी लोगमन यांचं या क्षेत्रातलं पायाभूत पुस्तक १९८३ सालचं. आज मोठ्या माणसांच्या वॉर्डात माझा बहुतेक दिवस घास आणि घोट यांच्यातच जातो.

घशात हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते. गाडी यायच्या आधी रेल्वेचं फाटक पडावं लागतं, तसा प्रत्येक घोटाला श्वासाचा रस्ता बंद व्हावा लागतो. जीभ घास मागे ढकलते, टाळू वर जाऊन नाकाची वाट अडवतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरची झडप आडवी होते, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातलं हे सगळं काम सेकंदभरात आटोपतं. त्यासाठी २५ च्या वर स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी निदान ५ जोड्यांना एका तालात चालावं लागतं. मेंदूला इजा झाली किंवा स्नायू दुबळे पडले की ताल चुकतो आणि घोट श्वासनलिकेत उतरतो. मूळ आजारातून वाचलेला माणूस त्यातून होणाऱ्या न्यूमोनियाने दगावू शकतो.

यादी लावताना माझा क्रम ठरलेला असतो. जो सगळ्यांत जास्त वेळ उपाशी, त्याचा नंबर पहिला. (पुढे येणाऱ्या पेशंटांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सकाळी ८.३० : स्ट्रोक वॉर्ड

पहिले पेशंट एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका. परवा पहाटे पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. घरात कोसळले तेव्हा घाबरून कुणीतरी साखरपाणी पाजलं आणि जोराचा ठसका लागला. इथे आल्यापासून तोंडाने काही नाही, नाकातून राइल्स ट्यूब आहे. उशाशी काकू थर्मास घेऊन बसल्यात. “दोन दिवस चहा नाही हो त्यांना. चमचाभर देऊ का?”

पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत जवळपास निम्म्या पेशंटांना गिळायला त्रास होतो. म्हणून नियम साधा आहे: गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी नाही, चहा नाही, गोळीही नाही.

काका जागे आहेत, माझं बोलणं त्यांना समजतंय. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून, डाव्या अंगाला उशी लावून मी त्यांना ताठ बसवते. मग कवळी काढून तोंड साफ करते. जिभेवर चिकट थर वाळलाय. मऊ ब्रशने आणि ओल्या गॉजने तो निघतो. हे काम मी कधीच टाळत नाही. तोंडात घाण असेल तर चुकीच्या वाटेने गेलेल्या लाळेबरोबर जंतूही फुप्फुसात पोचतात.

“काका, जोरात खोका.” खोकला बरा आहे. “आता ‘आ’ म्हणा.” आवाज कोरडा, मोकळा. मी चार बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवते: तर्जनी हनुवटीखाली, मधलं बोट जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडावर, अनामिका कंठमण्यावर आणि करंगळी त्याच्याही खाली. दुसऱ्या हाताने छोटा चमचाभर पाणी देते. ओठ मिटतात. बोटांखाली काहीच हलत नाही. मनात तीन अंक मोजून होतात, मग कंठमणी एकदम वर उचलला जातो. “पुन्हा ‘आ’ म्हणा.” आवाज ओला, घरघरीत येतो. पाण्याचा काही भाग स्वरतंतूंपाशी रेंगाळलाय. पुढच्या चमच्याला ठसका लागतो, तशी मी थांबते.

आता काकूंच्या थर्मासमधला चहा घेते, त्यात घट्ट करायची पावडर ढवळते आणि अर्धा चमचा काकांच्या जिभेवर ठेवते. दाट घोट सावकाश सरकतो. उशिरा जाग्या होणाऱ्या घशाला तेवढी सवड मिळते. कंठमणी वर जातो, आवाज कोरडाच राहतो. आणखी काही चमचे तसेच नीट उतरतात. काका उजव्या हाताने अजून मागतात.

पोट भरायला आणि औषधांसाठी नळी सध्या राहणार, पण तोंड सुरू झालं. काकूंना मी बाकीचं करून दाखवते. चमचा उजव्या बाजूने द्यायचा. कंठमणी वर गेल्याशिवाय दुसरा घास नाही. शेवटी डावा गाल तपासायचा, कारण त्या बाजूला घास साचलेला त्यांना कळत नाही. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. बहुतेकांचं गिळणं काही आठवड्यांत बरंच सुधारतं, हेही सांगते. ते ऐकल्यावरच काकू थर्मासचं झाकण लावतात.

सकाळी १० : आयसीयू

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले आणि ‘जीबीएस’चं नाव घरोघरी पोचलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि पायांपासून वर चढत जाणारी कमजोरी येते, एवढं त्या वेळी लोकांना समजलं. ही कमजोरी चेहऱ्यापर्यंत आणि घशापर्यंत पोचू शकते, हे कमी जणांना माहीत आहे.

इथला मुलगा कॉलेजात शिकतो. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होता, म्हणून गळ्याला छेद देऊन ट्रॅकिऑस्टॉमीची नळी बसवली आहे. आता यंत्र निघालंय, हातापायांत थोडा जोर आलाय. पण हवा गळ्यातल्या नळीतूनच ये-जा करते, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. त्यामुळे आवाज नाही. आई त्याच्या ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न करते.

आज डॉक्टरांनी बोलण्याचा व्हॉल्व्ह लावून बघायची परवानगी दिली आहे. असाच एक व्हॉल्व्ह डेव्हिड मुइर या अमेरिकन तरुणाने तयार केला. तो स्वतः स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर होता. व्हॉल्व्ह एकाच दिशेने उघडतो: श्वास नळीतून आत येतो, पण बाहेर मात्र घशातून, स्वरतंतूंमधूनच जातो. म्हणून आधी नळीभोवतीचा फुगा, म्हणजे कफ, पूर्ण रिकामा करावा लागतो. कफ फुगलेला ठेवून व्हॉल्व्ह बसवला तर श्वास आत जाईल, पण बाहेर यायला वाट उरणार नाही आणि पेशंट गुदमरेल. सिस्टर सक्शन करतात, मी सिरिंजने कफमधली हवा काढते, दोघी मिळून खात्री करतो आणि मगच व्हॉल्व्ह लावतो.

“हळूच श्वास सोड. आता आईला हाक मार.” पहिल्यांदा नुसती हवा येते. दुसऱ्यांदा खरखरीत, बारीक, पण स्पष्ट “आई”. ती तोंडावर पदर घेते. मॉनिटरवर ऑक्सिजन स्थिर आहे. आम्ही काही मिनिटं व्हॉल्व्ह तसाच ठेवतो.

गिळण्यासाठीही व्हॉल्व्हचा उपयोग होतो. घशातून हवा खेळायला लागली की तिथली जाणीव परत येते, वास कळतो, खोकून घसा साफ करता येतो. पुढची पायरी म्हणजे खाण्याचा निळा रंग घातलेलं थोडं पाणी. ते दिल्यावर नळीतून सक्शन करायचं. निळं निघालं तर पाणी श्वासनलिकेत उतरलं हे नक्की. निळं निघालं नाही म्हणून मात्र निर्धास्त होता येत नाही. थोडं गेलेलं सुटू शकतं. ती चाचणी उद्या. आज आवाज आला, एका दिवसाला एवढं भरपूर आहे.

सकाळी ११.३० : एक्स-रे विभाग

पलंगापाशी बोटांना आणि कानांना जे कळतं त्याला मर्यादा आहे. कितीतरी पेशंटांच्या घशाची जाणीवच गेलेली असते. घोट श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका लागतच नाही. अशा वेळी घसा आतून बघावा लागतो. एक मार्ग नाकातून बारीक दुर्बीण घालून बघण्याचा. सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८८ मध्ये मांडला. दुसरा मार्ग बेरियम मिसळलेले घास देऊन चालता एक्स-रे बघण्याचा.

पहिले गृहस्थ मधुमेही आहेत, मागे एकदा छोटा पक्षाघात झालाय. वरचेवर ताप येतो, प्रत्येक वेळी छातीत न्यूमोनिया निघतो. घरचे शपथेवर सांगतात की जेवताना यांना कधी ठसका लागत नाही. खुर्चीत बाजूने बसवून त्यांना बेरियमचं पातळ पाणी देतो. पडद्यावर जिभेवरून गडद प्रवाह मागे जातो, घशात थांबतो आणि त्यातली एक बारीक रेघ श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवरून सरळ खाली उतरते. गृहस्थ शांत बसलेत. ना खोकला, ना डोळ्यांत पाणी. हनुवटी छातीकडे टेकवून पुन्हा प्यायला सांगते. या वेळी सगळं पाणी अन्ननलिकेत जातं. हीच युक्ती दुसऱ्या एखाद्याला उपयोगी पडणार नाही, म्हणून पडद्यावर खात्री केल्याशिवाय मी ती कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या मावशी भाजी विकतात. मेंदूच्या अगदी तळाशी, मणक्याला लागून असलेल्या भागात त्यांना पक्षाघात झाला. हातापायांत जोर आहे, बोलणं समजतं, पण लाळसुद्धा गिळता येत नाही. हातात सतत डबा, त्यात थुंकत राहतात. चारचौघांत त्याची फार लाज वाटते, म्हणून पदराआड धरतात. दह्यात कालवलेलं बेरियम देऊन समोरून बघतो. घशाच्या डाव्या बाजूला सगळं साचून राहिलंय, तिकडचे स्नायू आवळतच नाहीत. “मावशी, मान पूर्ण डावीकडे वळवा आणि जोर लावून गिळा.” मान वळली की दुबळी बाजू दाबली जाते आणि घास चांगल्या बाजूने वाट काढतो. पडद्यावर तो खाली जाताना त्यांनाही दाखवते. त्या स्वतःच चमचा हातात घेतात आणि दुसरा घास भरतात.

दुपारी १ : वॉर्डाचं स्वयंपाकघर

जेवणाच्या गाड्या निघायच्या आधी मी आहारतज्ज्ञांबरोबर ट्रे बघते. ‘पातळ’, ‘मऊ’, ‘घट्ट’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा, म्हणून आम्ही ० ते ७ अशा पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतो. साधं पाणी शून्यावर, नेहमीचं जेवण सातवर. दाटपणा मोजायला १० मिलिलिटरची साधी सिरिंज पुरते. तिच्यात १० मिलिलिटर पदार्थ भरायचा, खालचं बोट काढायचं, दहा सेकंद वाहू द्यायचं आणि किती उरलं ते बघायचं. १ ते ४ मिलिलिटर उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ च्या वर उरलं तर तिसरी. आजचं ताक जवळजवळ सगळं वाहून जातं. नाचणीची आंबील तिसरीवर बसते.

घट्ट पदार्थांसाठी काटा. सहाव्या पायरीचा तुकडा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा नको आणि काट्याने दाबताना अंगठ्याचं नख पांढरं होईल एवढ्या जोरात तो चेचला गेला पाहिजे. उकडलेला भोपळा पास होतो. फरसबी होत नाही, परत शिजायला जाते.

आपल्या जेवणातले काही पदार्थ दिसायला मऊ आणि गिळायला अवघड असतात. पातळ आमटीत सुटी शितं असलेला भात हा सगळ्यांत फसवा: पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात. दुधात कुस्करलेली भाकरी पूर्ण भिजून एकजीव झाली तर चालते, वर दूध तरंगत असेल तर नाही. साबुदाणा चिकटतो. पोहे, चिवडा, शेंगदाणे पसरतात. आईसक्रीम तोंडात वितळून पाणीच होतं. आरारूट किंवा तांदळाच्या पिठाने दाट केलेली पेज चाटलेल्या चमच्याने पुन्हा पुन्हा ढवळली तर लाळेतल्या घटकामुळे पातळ होत जाते. वाटी तीच, पण शेवटचा घोट पहिल्यासारखा राहत नाही. मुगाची गुरगुट्या खिचडी घोटून, वर तूप; कुस्करलेलं केळं; रताळ्याची खीर; मऊ शिरा. एवढ्यातूनही चवीचं ताट होतं. डब्यातून आलेलं वांग्याचं भरीत बी-साल काढून घोटलं की एखाद्या आजींचं जेवण त्या दिवशी संपतं.

दाट केलेलं पाणी बहुतेकांना आवडत नाही. ते कमी प्यायलं जातं आणि शरीर कोरडं पडतं. म्हणून ज्यांना चालेल त्यांच्यासाठी, तोंड घासल्यावर, जेवणाच्या वेळा सोडून, मोजके साधे घोट देण्याची सोय मी डॉक्टरांशी बोलून ठरवते. जीव वाचवताना तहान मारून टाकायची नसते.

दुपारी २.३० : कर्करोग विभाग

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तंबाखू, मिश्री, सुपारी यांनी तोंड गेलेली माणसं रोज समोर येतात. कुणाच्या गालाची शस्त्रक्रिया झालेली, कुणाची अर्धी जीभ काढलेली, कुणाचं रेडिएशन चालू. रेडिएशनने तोंड सोलवटतं, लाळ आटते, पाणीसुद्धा झोंबतं. साहजिकच माणूस गिळणं बंद करतो. पण न वापरलेले स्नायू आखडतात आणि उपचार संपल्यावर नळी निघत नाही. म्हणून उपचार चालू असतानाच, वेदनेचं औषध घेऊन, थोडं का होईना गिळत राहायला सांगावं लागतं.

आजच्या शेतकरी दादांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. लाकडी चपट्या पट्ट्यांची चळत दातांत धरून जबडा ताणायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. जमेल तशी एक पट्टी वाढवायची. जोर लावून गिळण्याचा, जीभ दातांत धरून लाळ गिळण्याचा व्यायाम पाण्याविना. मुलगी मोबाईलवर चित्रीकरण करते, कारण गावी गेल्यावर शिकवायला कुणी नाही. तालुक्याच्या गावी आमच्या विषयाचा माणूस सहसा मिळत नाही. पुढची तपासणी व्हिडिओ कॉलवर.

दुपारी ३.४५ : नातेवाइकांशी बोलणं

आजी नव्वदीच्या घरात आहेत. स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात. घास तोंडात धरून बसतात, गिळायचं विसरतात. मोठा मुलगा म्हणतो, “नळी घाला. आईला उपाशी कसं ठेवायचं?” धाकटी मुलगी म्हणते, “ती नळी उपटते, मग हात बांधतात. ते मला बघवत नाही.”

दोघांचंही प्रेम खरं आहे. मी आणि डॉक्टर त्यांना समोर बसवून जे ठाऊक आहे ते सांगतो. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला नळी फार मोठा आधार देते, कारण ती निघण्याची आशा असते. स्मृतिभ्रंशाच्या या टप्प्यावर मात्र नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. लाळ तर तरीही चुकीच्या वाटेने जाऊ शकते. दुसरा मार्ग आहे: आजी जाग्या आणि प्रसन्न असतील तेव्हा, ताठ बसवून, त्यांच्या आवडीचं चमचा-अर्धा चमचा, मागतील तेवढंच. यात धोका आहे, तो आपण जाणून पत्करायचा. पोट भरण्याचा हट्ट सोडायचा, चव द्यायची.

मुलगा बराच वेळ गप्प राहून विचारतो, “आणि शेवटी तोंडात पाणी घालता येईल ना?” येईल. ओल्या कापसाने ओठ भिजवता येतील, तुळशीच्या पानाने थेंब देता येईल. निर्णय आजच नको, घरी बोलून उद्या या, असं सांगून आम्ही उठतो. अशा बोलण्याला मी कधीच घाई करत नाही.

दुपारी ४.४५ : नोंदी

केसपेपरवर लिहिते: कोणत्या पायरीचं अन्न, कोणत्या पायरीचं पेय, बसण्याची पद्धत, चमचा की कप, कुणाच्या देखरेखीखाली. हेच मराठीत मोठ्या अक्षरांत पलंगाच्या डोक्याशी लावते. रात्रपाळीच्या सिस्टरना, मावशींना आणि मामांना तोंडीही सांगते, कारण रात्री दोन वाजता पेशंट पाणी मागतो तेव्हा जवळ तेच असतात. गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून तपासून घेते. दिवसभर सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून द्यायच्या नसतात, सगळं औषध एकदम अंगात जातं. त्याऐवजी पातळ औषध किंवा दुसरी गोळी मागावी लागते.

संध्याकाळी ५.३०

निघण्यापूर्वी वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पाणी, साखर, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, वेळ टिपा आणि १०८ ला फोन करून पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात तातडीने न्या. तिथे पहिला घोट देण्याआधी विचारा, “यांचं गिळणं तपासलं का?” घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जेवताना वारंवार ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला येत असेल, जेवायला तासतास लागत असेल, वजन उतरत असेल किंवा पुन्हा पुन्हा छातीत कफ होऊन ताप येत असेल, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. यातलं पुष्कळ काही बरं होतं किंवा निदान सुखाचं करता येतं. फक्त ते वेळेवर दाखवायला हवं.